गळ्यावरचा हात

हार्लन फेरी, ओहायो
मंगळवार, १० सप्टेंबर १९०७

प्रिय इड्रिस,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. मी इकडे मजेत आहे. गुडघा सोडला तर बाकीचा गॉमर प्रॉसर शाबूत आहे. तूही बरा असशील. घरून ग्वेनचं पत्र आलं. आईचं म्हणणं, यंदा सफरचंदांचा मुरंबा नीट घट्ट झाला नाही आणि त्याला ग्वेनच जबाबदार आहे. ग्वेनचं म्हणणं, आई ढवळायला बसते आणि झोपते. म्हणजे घरी सगळं ठीक आहे. माझी घरमालकीण मिसेस ऑल्डाकर आठवड्यातून पाच दिवस कोबी उकडते आणि उरलेले दोन दिवस तोच गरम करून वाढते. तक्रार केली की म्हणते, "बेसबॉलवाल्यांना घरात घेतलं हेच नशीब समजा." समजतो.

शनिवारी सामना संपल्यावर तुला भेटायला स्टेशनवर येणार होतो. गुडघ्याने दगा दिला. तुमची गाडी सुटली असेल म्हणून मग आलोच नाही.

तू सगळं पाहिलंस, पण ऐकलं नाहीस. म्हणून लहानपणी पाटीवर लिहून द्यायचो तसं कोण काय बोललं ते लिहितो. चॅपेलमधून घरी आल्यावर तू पाटी घेऊन माझ्यामागे लागायचास, पाद्री काय म्हणाला ते सांग, म्हणून. मी निम्मं माझ्या मनाचंच लिहायचो, आणि तू सगळं खरं मानायचास.

तर ठरलेले नऊ डाव झाले आणि एक-एक अशी बरोबरी, म्हणून खेळ पुढे चालू. मग दहावा, अकरावा. दोन्हीकडचे पिचर हट्टाला पेटलेले. तुमचा तो लांब हातांचा माणूस प्रत्येक चेंडूआधी काहीतरी पुटपुटायचा. आमच्या बाकावरून ओरडा व्हायचा, "प्रार्थना कर रे, प्रार्थना कर! तुझ्या बायकोनेही कालच केली!" कशासाठी ते लिहीत नाही. पुढचा चेंडू त्याने थेट कॅचरच्या मागच्या जाळीवर फेकला. आमचा धंदाच तो. मी तीन वर्षं त्यावरच जगतोय हे तुला ठाऊक आहे. आता मला मैदानात कोण उतरवतो? बाकावर बसायचं, नाहीतर आमचा डाव असला की तिसऱ्या बेसजवळ उभं राहून धावणाऱ्यांना थांब, पळ सांगायचं आणि समोरच्यांची आईबहीण काढायची.

बाराव्या डावात तू मैदानाच्या कडेला उभ्या घोडागाड्यांच्या रांगेत घुसून तो चेंडू धरलास, तेव्हा आमच्याच गावचे लोक उभे राहिले. टाळ्या तुला ऐकू जात नाहीत म्हणून टोप्या काढून हलवत होते, बायका रुमाल हलवत होत्या. दोन हजार माणसं एकही आवाज न करता हात हलवताहेत. मी असलं दृश्य कधी पाहिलं नव्हतं. माझ्या शेजारी बसलेला आमचा राखीव कॅचर म्हणाला, "हा तुझा सख्खा भाऊ? मग तुझं असं का झालं?" सगळा बाक हसला. मीही हसलो.

सोळाव्यानंतर चेंडू तंबाखूच्या थुंकीने काळा झाला होता, सूर्य दारूच्या कारखान्यामागे गेला होता. अंपायरने एक बोट वर केलं: आणखी एकच डाव, मग बरोबरीत सोडून द्यायचा. तुम्हाला सतराव्यात काही जमलं नाही. मग आमचा डाव. दोघे बाद, आमचा मॅकनल्टी दुसऱ्या बेसवर. चेंडू उंच उडाला, तुझ्या आणि डावीकडच्या क्विगलीच्या मधोमध.

मग ते झालं. चेंडू तुम्हा दोघांच्या मधे पडला आणि मॅकनल्टी धाव पुरी करून घरच्या बेसवर पोचला. दोन-एक. असं होतं कधीकधी. तुमचा नियम चांगला आहे, शेवटी मीच तुला तो शिकवला: तू आवाज दिलास की बाकीच्यांनी थांबायचं, तू गप्प राहिलास की ज्याच्याजवळ असेल त्याने घ्यायचा. पण अंधारात नियम काय करणार?

क्विगलीने हातमोजा फेकून मारला तो मी पाहिला. तो काय ओरडत होता ते तुला कळलं नसेल, तर बरंच झालं. आमचे लोक परत जाताना तुझ्यासारखा आवाज काढून एकमेकांना हाका मारत होते. त्यांची तोंडं वाकडी झालेली तू पाहिलीस का? त्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. तासाभरापूर्वी तेच रुमाल हलवत होते.

माझा सल्ला ऐकशील तर क्विगलीशी वाद घालू नकोस. तुमच्या मॅनेजरने विचारलं तर वहीत लिहून टाक, "चूक माझी." खेळाडूने चूक कबूल केली की मॅनेजर लोकांचा राग उतरतो. मी कितीदा केली आहे.

आईला या सामन्याबद्दल लिहू नकोस. उगाच काळजी करते.

तुझा,
गॉमर


हार्लन फेरी
गुरुवार, २६ सप्टेंबर

प्रिय इड्रिस,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. उत्तराला तीन दिवस लागले, कारण इथे रोज सामना आहे आणि रोज पाऊस आहे, त्यामुळे रोज मैदानावर जाऊन रोज परत यायचं. ब्रॅडवेलच्या लोकांनी तुला काढून टाकलं हे वाचून वाईट वाटलं. तीन वर्षं ज्याने त्यांचं मधलं मैदान एकट्याने सांभाळलं त्याला एका चेंडूपायी घरी पाठवायचं, ही काय रीत झाली? तू "चूक माझी" असं लिहून दिलंस हे मात्र बरं केलंस. माणूस सरळ आहे, असं तरी लोक म्हणतील.

तू विचारलं आहेस त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

तू लिहितोस: "क्विगली शपथेवर सांगतो की मी आवाज दिला. मी दिला नाही. तो जवळ आला होता, धावत होता, म्हणून मी चेंडू त्याला सोडला. पण माझं मला ऐकू येत नाही. दादा, तू तिसऱ्या बेसजवळ होतास. माझा आवाज तुझ्याइतका कुणी ओळखत नाही. तू खरं सांगशील. माझ्या गळ्यातून आवाज निघाला का?"

हो. निघाला.

मी स्पष्ट ऐकला. तोच तुझा, आपल्या परसातल्या पंपाचा दांडा करकरतो तसा. क्विगली खोटं बोलत नाही. त्याला दोष देऊ नकोस.

तू म्हणशील, मी ठरवलं नव्हतं तर निघाला कसा? अरे, घसा आहे तो. माणूस दमलेला असतो, सतरा डाव झालेले, जीव वर आलेला. तेव्हा घसा काय विचारून बोलतो? तुला कुणी सांगितलं नाही, मीही नाही, पण बाबांना पुरत होते तेव्हाही तुझ्या तोंडून असाच आवाज आला होता. लोकांनी वळून पाहिलं होतं. आईने मला सांगितलं, त्याला कळू देऊ नकोस. आता तू मोठा आहेस म्हणून सांगतो.

तेव्हा यापुढे जपत जा. एवढंच.

इकडची बातमी म्हणजे पुढच्या हंगामासाठी आमच्या मॅनेजरने, मिस्टर बिलिंगरनी, मला ठेवून घेतलं. चौतिसाव्या वर्षी, या गुडघ्यासकट! तुला आनंद होईल म्हणून लिहिलं. हंगाम संपला की घरी येईन म्हणतो, पण इथे वखारीत हिवाळ्यापुरतं काम मिळण्यासारखं आहे, तेव्हा नक्की नाही.

मुरंब्याचं काय झालं? ग्वेन काही लिहीत नाही.

तुझा,
गॉमर


हार्लन फेरी
रविवार, १७ नोव्हेंबर

इड्रिस,

काल दोन पत्रं एकदम आली. एक ग्वेनचं, एक तुझं कार्ड.

ग्वेन लिहिते की तू वीटभट्टीवर कामाला लागला आहेस. ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं, की तू जेवताना डावा हात गळ्यावर ठेवून बसतोस. दोन बोटं इथे, कंठावर. एका हाताने मक्याची भाकर मोडतोस. चॅपेलला जात नाहीस, गेलास तर बाहेर पायरीवर बसतोस. भट्टीवर कुणी विनोद केला की मान खाली घालतोस, हसायला येईल म्हणून. आणि रोज संध्याकाळी वहीत लिहून तिला विचारतोस, "आज मी काही आवाज केला का?" ती "नाही" लिहिते. तुझा विश्वास बसत नाही, तू आईला विचारतोस. "दादा, याला झालंय तरी काय, तुला काही ठाऊक आहे का?" असं तिने मला विचारलं आहे.

मग तुझं कार्ड वाचलं. चारच ओळी आहेत, त्या पुन्हा लिहितो, म्हणजे मी त्या नीट वाचल्या हे तुला कळेल.

"दादा, आता उलगडा झाला. चेंडू पडल्यावर मी वळून पाहिलं तर तुझी बोटं गळ्यावर होती. आपली जुनी खूण. तू मला सावध करत होतास की आवाज निघतोय. समोरच्या बाजूला असूनही तू खूण केलीस आणि मीच उशिरा पाहिलं. माफ कर."

माफ कर म्हणतोस! मला!

बैस आता. उभ्याने वाचू नकोस.

तू पाच वर्षांचा होतास, तापाने तुझे कान गेले. सात वर्षांचा असताना चॅपेलमध्ये सगळे गात होते म्हणून तूही तोंड उघडलंस, आणि बाबांनी सगळ्यांसमोर तुझ्या तोंडावर हात दाबला. त्यानंतर तू चार वर्षं आवाजच काढला नाहीस, रडतानासुद्धा. मग परसामागच्या गवतात मी तुझा एक हात माझ्या गळ्यावर ठेवला, दुसरा तुझ्या, आणि तुझ्या बोटांखाली तो एक आवाज काढून दाखवला. सबंध उन्हाळा लागला. पहिल्यांदा तुझ्या गळ्यातून तो निघाला तेव्हा पंपापाशी उभ्या आईने बादली टाकून दिली. तू माझ्याकडे पाहिलंस, आला का म्हणून, आणि मी दोन बोटं गळ्यावर ठेवली: आला. तेव्हापासून ती खूण आहे. तू गळ्यावर बोटं ठेवणं कधीच सोडून दिलंस. कोलंबसच्या बहिऱ्यांच्या शाळेतून आलास तेव्हा नुसता धावत आवाज द्यायचास. माझी मात्र सवय राहिली. हात गळ्यावर ठेवल्याशिवाय मला तो आवाज काढता येत नाही.

कळलं?

तुझ्या गळ्यातून काही निघालं नव्हतं. तू गप्प होतास. तू बरोबर होतास. क्विगलीने ऐकला तो आवाज मी काढला.

कसं झालं ते सगळंच सांगतो. पंधराव्या डावात बिलिंगर माझ्याजवळ येऊन बसला. तंबाखूची गुळणी माझ्या बुटाशेजारी टाकली. म्हणाला, "प्रॉसर, तुझं तोंड मी काय फुकट पोसतोय? त्या मुक्याने आपल्या तीन धावा खाल्ल्या."

मी म्हणालो, "त्याला शिव्या देऊन उपयोग काय साहेब? बहिरा आहे. वाया जातात."

"तो बहिरा आहे, बाकीचे आठ नाहीत ना? तुझ्याच घरातला आहे. काहीतरी ठाऊक असेलच की तुला." उठताना म्हणाला, "पुढच्या वर्षीची यादी मी याच आठवड्यात करणार आहे."

त्याने मला काय करायचं ते सांगितलं नाही. ते माझं मलाच सुचलं.

तिसऱ्या बेसजवळ उभा होतो. चेंडू वर गेला, क्विगली सुटला, तू सुटलास. मग तू त्याच्याकडे पाहिलंस आणि पाय आवरलेस. चेंडू त्याला सोडलास. मी पाहिलं. बिचारा क्विगली वर चेंडूकडे बघत होता. मी हात गळ्यावर नेला. आवाज कुठून आला हे तो कशाला बघतोय? तीन वर्षं तो आवाज आला की थांबायचं एवढंच त्याच्या पायांना ठाऊक होतं. तो जागच्या जागी रुतला. चेंडू दोन पावलांवर पडला. अंपायर एकटाच, तो मॅकनल्टीचे पाय बघत होता. नंतर माझ्याकडे वळून म्हणाला, "काय रे ते?" मी म्हणालो, "घसा बसलाय साहेब, दिवसभर ओरडून." आमचा बाक लोळत होता. बिलिंगरने माझी पाठ थोपटली. चार वर्षांत पहिल्यांदा.

आणि मला बरं वाटलं, इड्रिस. हेही लिहितो. ते सगळे रुमाल, त्या टोप्या, सगळं एका क्षणात खाली आलं आणि तू हात पसरून उभा राहिलास, आणि मला बरं वाटलं. मनात म्हटलं, आता विचार म्हणावं त्या कॅचरला, माझं काय झालं. तेवढ्यात तू वळून पाहिलंस. मी हात खाली घ्यायला विसरलो होतो.

स्टेशनवर आलो नाही ते गुडघ्यामुळे नाही.

बाबांना पुरताना तुझ्या तोंडून आवाज आला हे खोटं. तू ओठ दाबून उभा होतास, ओठातून रक्त आलं होतं. आईने मला काही सांगितलं नव्हतं. ते मी टेबलाशी बसून, कोबी खाता खाता रचलं. एक खोटं पक्कं बसावं म्हणून दुसरं लागतं, एवढाच त्याचा उपयोग होता. तुझे कान मीच होतो, मी लिहीन ते तू खरं मानणार हे मला ठाऊक होतं, म्हणून तर रचलं.

तू तीन वर्षांची जागा घालवलीस, वर "चूक माझी" असं स्वतःच्या हाताने लिहून दिलंस, तेही मी सांगितलं म्हणून. मी करारावर सही केली. आता तो फाडून टाकला असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. फाडला नाही. मला दुसरं काही येत नाही, आणि वखारीत लागलोय खरा, पण तिथे माझा गुडघा महिनाभरही टिकायचा नाही. उद्या तुमच्या मॅनेजरला लिहून कळवीन असंही मनात आलं होतं. लिहिलं तर बिलिंगर मला काढेल आणि तुमचे लोक तुला परत घेणार नाहीत ते नाहीतच. दोघे मिळून विटा भाजत बसू. हे मी स्वतःची सोय पाहून म्हणतो आहे. तुला वाटत असेल तर हे पत्र तूच त्यांना दाखव. मी नाही म्हणणार नाही. कुणी समोर उभं करून विचारलं तर आवाज काढूनही दाखवीन.

आता मुख्य गोष्ट. मिलब्रुकची टीम वसंत ऋतूत तुला घेणार आहे असं ग्वेन लिहिते. पगार कमी आहे तरी जा. विटांना हात लावू नकोस. मिलब्रुक आमच्याच लीगमध्ये आहे, आमचे त्यांच्याशी बावीस सामने आहेत. बिलिंगरने ते वर्तमानपत्रात वाचलं. काल वखारीत मुद्दाम आला होता. "प्रॉसर," म्हणाला, "हिवाळ्यात घशाला मध लावत जा. आणि तो हात खाली ठेवायला शीक, लोकांना दिसतो."

मी हसलो.

इथे खाली शाईने खोडलेलं आहे ते वाचायचा प्रयत्न करू नकोस. तिथे मी वचन दिलं होतं. लिहून झाल्यावर वाचलं आणि खोडलं. बावीस सामने आहेत, इड्रिस. त्यातला एखादा पुन्हा अंधारापर्यंत जाईल, बिलिंगर पुन्हा माझ्या बाजूला येऊन बसेल. तेव्हा मी काय करीन ते मला ठाऊक नाही असं लिहिणार होतो. मला ठाऊक आहे.

म्हणून तू आवाज बदल. त्या गवतातला आवाज सोडून दे, तो आता माझा झाला. आज रात्रीच जेवताना गळ्यावरचा हात काढ आणि तो ग्वेनच्या गळ्यावर ठेव. तिला काहीही आवाज काढायला सांग, कोंबडीचा, बाटलीच्या बुचाचा, तिला सुचेल तो. शीक. मोठ्याने काढ, चॅपेलच्या पायरीवर बसून काढ. कोण वळून बघतंय ते बघू नकोस.

आणि तो कसा आहे ते मला कळवू नकोस. मी कितीही पत्रं लिहिली, कितीही गोड लिहिलं, आई आजारी आहे असं सांगून विचारलं, तरी नाही. ग्वेनलाही बजावून ठेव.

समोरच्या बाजूला उभा असलेला,
गॉमर